नंदीचा कासरा धरून दहा किलोमीटर

आमच्या छत्रपती संभाजीनगरात थंडीच्या दिवसांत एका रविवारी पहाटेच अर्धं गाव पळायला बाहेर पडतं. २१ किलोमीटरवाले घड्याळाकडं बघत पळतात, १० वाले दम सांभाळत पळतात, आणि ३ किलोमीटरच्या गर्दीत तर नातवाचं बोट धरलेले आजोबाही असतात. चौकाचौकात ढोल-ताशे, शाळांची लेझीम पथकं, मध्येच कुठं हलगी. या शर्यतीत आमच्या मित्रमंडळींचा एक गट वेष करून उतरतो. गेल्या थंडीत मी त्यांच्यात सामील झाले आणि नंदीबैलाचा कासरा धरून १० किलोमीटर पूर्ण केले. वेषात पळायचं म्हणजे काय काय करावं लागतं हे पुष्कळ जण विचारतात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

गटाची सुरुवात आमच्या वासुदेवानं केली. (इथं मी सगळ्यांना त्यांच्या वेषाच्या नावानंच हाक मारणार आहे. गटातही आता तीच नावं रुळलीत.) तो काही वर्षं मुंबईत नोकरीला होता. तिथली मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. तिच्यात ड्रीम रन नावाचा लहान टप्पा असतो, आणि त्यात लोक नाना वेष करून पळतात. ते बघून आल्यापासून त्याच्या डोक्यात हे घोळत होतं. पुढं पिंगळ्याच्या बहिणीनं सॅन फ्रान्सिस्कोहून तिथल्या ‘बे टू ब्रेकर्स’ शर्यतीचा व्हिडिओ पाठवला. ती शर्यत १९१२ पासून चालू आहे, साधारण १२ किलोमीटरची, आणि वेषांसाठीच ती जगात ओळखली जाते. तिच्यात एक टोळी साल्मन माशांचे वेष घालून सगळ्यांच्या उलट दिशेनं पळते, कारण तो मासा अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध नदी चढतो. तो व्हिडिओ बघून वासुदेव म्हणाला, “त्यांच्या नदीतला मासा त्यांच्या रस्त्यावर पळतोय. आपल्या दारात कोण यायचं, त्यांना आपण रस्त्यावर आणू.”

आम्ही सगळे चाळिशीच्या आसपासचे. बहुतेकांचं बालपण जालना, बीड, परभणी, लातूरकडच्या खेड्यांत गेलेलं. दारात कोण कोण यायचं याची यादी करायला बसले तर वहीची पानं भरली. उजाडायच्या आत कंदील घेऊन येणारा पिंगळा. त्याच्यामागून टाळ-चिपळ्या वाजवत वासुदेव. सुगीत नंदीवाला. नवरात्रात परडी घेतलेल्या आराधिणी. घरात लग्न झालं की संबळ घेऊन गोंधळी. पोलिसाचा वेष करून दम भरणारा बहुरूपी. ही माणसं आता राहिली नाहीत, असं आपण सहज म्हणून जातो. माणसं आहेत, दार राहिलेलं नाही. अपार्टमेंटच्या फाटकावर रखवालदार बसतो, शेजारी ‘फेरीवाल्यांना प्रवेश नाही’ अशी पाटी असते, आणि चौथ्या मजल्यावरच्या माणसाला खालून कोण परत गेलं ते कळतही नाही. या माणसांची आठवण एका दिवसापुरती का होईना, शहराच्या मोठ्या रस्त्यावर आणायची, असं गटानं ठरवलं.

पोतराजावरून मात्र वाद झाला होता म्हणे. वेष नजरेत भरणारा असतो, कमरेला खणांचा घागरा, पायांत चाळ, हातात आसूड. आमची आराधीण घाटी रुग्णालयात परिचारिका आहे. ती म्हणाली, “अंगावर आसूड ओढून घेणं ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या आलं, त्यातून त्यांच्या पोरांना सोडवायला माणसांनी हयात घातली. ते आपण टाळ्यांसाठी करायचं नाही.” पोतराज वगळला. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. वेष निवडताना तो कुणाच्या अंगावरचा आहे हे आधी बघावं, रंग नंतर बघावेत.

तिनं स्वतःलाही हाच न्याय लावला. तिच्या सासूबाईंच्या गळ्यात तुळजापूरची कवड्यांची माळ आहे. त्यांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “परडी घे, मळवट भर, उदो म्हण. माळ नको घालू. माळंचे नेम असतात, ते पाळणार असशील तर घाल.” म्हणून ती माळेशिवाय पळते. नऊवारीत पळायचं तिचं तंत्र पक्कं आहे. आत पळायची घट्ट विजार, वर सुती नऊवारी, घोट्याच्या चार बोटं वर चापून नेसलेली. पिना लावायच्या नाहीत, त्या घामात टोचतात नि निसटतात. निऱ्या आणि काष्टा कमरेशी टाके घालून पक्का करायचा आणि वरून सुती नाडी आवळायची. नऊवारी म्हटलं की बघणाऱ्यांना बारामतीच्या शर्यतीतल्या लता करे आठवतात. नवऱ्याच्या उपचारांना पैसे हवेत म्हणून साठीच्या पुढच्या त्या बाई नऊवारीत, अनवाणी पळाल्या आणि जिंकल्या. आराधीण दर वेळी आम्हाला बजावते की त्यांच्या अंगावरची ती रोजची साडी होती, वेष नव्हता, तेव्हा त्यांच्या नावानं आपण टाळ्या घ्यायच्या नाहीत.

माझा प्रवेश झाला तो कासरा धरणारा मित्र बदलीवर नांदेडला गेला म्हणून. मी वाळूजला कंपनीत हिशेब बघते, सकाळी क्रीडा संकुलाच्या मैदानावर चालायला जाते, अधूनमधून पळते. नंदी होणारा मित्र शाळेत क्रीडाशिक्षक आहे, मूळचा लातूरकडचा. त्याचा फोन आला, “येशील का? पण आधी मामांकडं जावं लागंल.”

मामा म्हणजे खरे नंदीवाले. शहराबाहेरच्या एका माळावर सुगी संपली की त्यांची पालं पडतात. आमच्या गटानं पहिल्या वर्षीच त्यांना गाठलं होतं, आणि कासरा धरणारं माणूस बदललं तर त्यांना दाखवायला न्यायचं, असं तेव्हाच ठरलेलं. मी गेले तेव्हा ते झुलीला टाके घालत बसले होते. शेजारी त्यांचा पांढरा नंदी, शिंगांना पितळी शेंब्या, पाठीवर आरशांची झूल. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, “बाई, तुमी कामून पळायलेत ह्यो येष घालून? पैशे भेटतेत का?”

“नाही मामा. उलट भरावे लागतात.”

“मंग?”

मी म्हटलं, “माझ्या पोरीनं नंदी फक्त चित्रात पाहिलाय. तिला विचारलं, नंदीवाला काय करतो, तर तिला सांगता आलं नाही.”

ते बराच वेळ सुई चालवत राहिले. मग त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. कुणी नंदीला विचारलं तर थांबायचं, उत्तर दिल्याबगर नंदी पुढं जात नसतो. कासरा ओढायचा नाही, ढिला ठेवायचा, नंदी वाजवण्यावर चालतो. आणि तोंडानं मागायचं नाही, पण कुणी दिलं तर परत करायचं नाही, देणाऱ्याचा अपमान होतो.

मग त्यांनी ढोलकं माझ्या गळ्यात अडकवलं. एका अंगाला टिपरीनं ठोका द्यायचा आणि दुसऱ्या अंगाच्या कातड्यावर वाकडी काडी घासायची, म्हणजे तो गुबुगुबु आवाज निघतो. ऐकायला सोपा, काढायला अवघड. काडी जास्त दाबली तर आवाज बसतो, कमी दाबली तर निघतच नाही. मामांचा हात फिरला की त्यांचा नंदी मान डोलवायचा, माझ्या हाताला तो दाद देईना. मामांची नात म्हणाली, “त्याला तुमचं कळंना.” मग त्या पोरीनंच मनगट कसं सैल सोडायचं ते दाखवलं.

वेषासाठी खरेदी पोळ्यालाच करावी लागते, हे ज्यांना असं काही करायचंय त्यांनी लक्षात ठेवावं. पोळ्याच्या आधी बाजारात गोंडे, घागरमाळा, म्होरक्या, बेगड, रंगीत चवर सगळं मिळतं. नंतर हिवाळ्यात शोधायला गेलं तर दुकानदार मागच्या फळीवरून उरलंसुरलं काढून देतो.

नंदी कसा बनवलाय ते सांगते, कारण सगळी गंमत त्याच्यात आहे. पहिल्या वर्षी दोन माणसांचा बैल करून पाहिला होता, एक जण पुढं आणि एक मागं वाकून. मागच्याला जमीन दिसत नाही आणि पाठ भरून येते, म्हणून तो बेत सोडला. आता मिरवणुकीत कच्ची घोडी असते त्या धर्तीवर सांगाडा आहे. बुरडाकडून बांबूच्या कामट्या चिरून घेतल्या, त्यांचा हलका पिंजरा केला, त्यावर पातळ फोम आणि वरून झूल. माणूस मधोमध उभा, त्याचे पाय मोकळे. सुरुवातीला सगळं ओझं खांद्यावर यायचं. मग ट्रेकिंगच्या जुन्या सॅकचे पट्टे काढून जोडले, तिचा कमरपट्टा आवळला की भार कमरेवर बसतो आणि खांदे सुटतात. शिंगं कागदाच्या लगद्याची, आतून पोकळ.

मान हलवणं ही कळीची गोष्ट. ती क्रीडाशिक्षकाच्या शाळेजवळच्या सायकल दुरुस्तीवाल्यानं सोडवली. त्यानं सायकलच्या ब्रेकची केबल मानेतून ओवून आत मुठीजवळ ब्रेकचा दांडा बसवला. दांडा दाबला की मान खाली, सोडला की स्प्रिंगनं वर. त्या माणसानं पैसे घेतले नाहीत. फक्त नंदी तयार झाल्यावर त्याला प्रश्न विचारायचा पहिला मान मागितला. काय विचारलं ते त्यानं मनातच ठेवलं. नंदीनं मान हलवली.

माझा वेष त्या मानानं सोपा. शिवलेलं धोतर, आखूड कोट, डोक्याला मुंडासं, कपाळाला गंध. आई म्हणाली, “बाईमाणसानं मुंडासं बांधायचं?” आणि मग तिनंच उभं राहून ते बांधायला शिकवलं, कारण तिच्या वडिलांचं ती लहानपणी बांधून द्यायची. पळताना मुंडासं सैल होतं. ते एकदा नीट बांधून आतून टोपीला शिवून टाकलं की प्रश्न मिटतो. मलमलचं कापड घ्यावं, घाम शोषतं आणि डोकं तापत नाही.

सराव आधी वेषाशिवाय, मग वेषात. रविवारी आम्ही विद्यापीठातून लेण्यांच्या बाजूला जाणारा रस्ता धरायचो, तिथला चढ पायांना चांगला तयार करतो. ५ किलोमीटर मला जमत होते, १० साठी हळूहळू वाढवत नेलं. क्रीडाशिक्षकाची पद्धत साधी होती. काही मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं, पुन्हा पळायचं. नंदी घेऊन सलग पळण्यात काही अर्थ नाही, श्वास लागला की ढोलकं बेताल होतं.

वेषातला सराव मात्र क्रीडा संकुलावर. तिथं पहाटेपासून पोलीस भरतीची पोरं-पोरी असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, सेकंदासेकंदावर गुण. ती पोरं फार जीव तोडून पळतात. बहुतेक जण खेड्यांतून येऊन इथं खोल्या करून राहिलेली, दोन वेळच्या डब्यावर. पहिल्या दिवशी आम्हाला बघून ती थांबली, मग आमच्या बाजूनं पळायला लागली. एका मुलानं माझ्या पायांकडं बघून सांगितलं, “ताई, टाच आपटायलीत तुम्ही. पाऊल लहान टाका.” ते ऐकल्यापासून माझं गुडघ्याचं दुखणं कमी झालं. एका मुलीनं लाजत विचारलं, “नंदीला विचारलं तर चालतंय का? माझं औंदा निघंल का?” मी ढोलकं वाजवलं, नंदीनं मान डोलवली. ती काही बोलली नाही, वळली आणि तिनं पुढची फेरी अशी काढली की तिच्या मैत्रिणी ओरडायला लागल्या.

नोंदणीचं काम फारसं सांगण्यासारखं नाही. अर्ज ऑनलाइन, पैसे भरायचे, आदल्या दिवशी जाऊन बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, आणि टी-शर्ट घ्यायचा. वेषवाल्यांनी मात्र एक जपावं. बिबमागं वेळ मोजणारी चिप असते आणि बिब समोरून दिसलं पाहिजे. माझं कोटावर, आराधिणीचं पदरावर, नंदीतल्या मित्राचं झुलीच्या पुढच्या बाजूला शिवलं. आम्ही आयोजकांना आधीच कळवलं होतं. जाळ चालणार नाही, कुणाची वाट अडता कामा नये आणि सगळ्यात मागून सुटायचं, असं त्यांनी सांगितलं. या अटी रास्त होत्या. गोंधळ्यानं दिवटीला भगव्या कापडाची ज्योत केली.

शर्यतीच्या दिवशी चार वाजता आराधिणीच्या घरी जमलो. अंगण थंडीनं गारठलेलं. काखेत, मांड्यांना, मानेला व्हॅसलिन चोपडलं, कारण कोटाची शिवण नि झुलीचा काठ कातडी सोलून काढतात. सासूबाईंनी सगळ्यांना गंध लावलं, नंदीच्या कपाळाला कुंकू लावलं. वासुदेवाची टोपी सगळ्यात शेवटी डोक्यावर चढते. उंच, मोरपिसांची, टोकाला पितळी कळस. पिसं गळून पडलेलीच घ्यायची हा त्याचा नेम आहे. त्यानं घुंगरू घोट्यावर मोज्यावरून बांधले, नाहीतर हाड सोलतं.

मैदानावर पिंगळ्यानं कंदील वर धरला तेव्हा पूर्ण अंधार होता. हजारो माणसं, धुक्यात वाफा. आमच्याकडं बघून पुढची गर्दी आपोआप फाकत होती. कुणी फोटो मागत होतं, कुणी विचारत होतं हे कोण. “पिंगळा म्हणजे काय?” हा प्रश्न जितक्या तरुण पोरांनी विचारला, तितक्यांना आमच्या पिंगळ्यानं थांबून सांगितलं. तो खंडपीठात वकील आहे. समजावून सांगण्याचा त्याला कंटाळा नाही.

सुटलो. सूतगिरणी चौकातून गजानन महाराज मंदिराकडं जाताना रस्ता अजून निवांत होता. गोंधळ्याचा संबळ, वासुदेवाचे टाळ, माझं ढोलकं आणि नंदीच्या गळ्यातली घागरमाळ. सुरुवातीला हे सगळे आवाज एकमेकांत अडकत होते. मंदिराच्या अलीकडं पावलं जुळली आणि आवाजही जुळले. ती लय अंगात भिनली की पाय वेगळे उचलावे लागत नाहीत.

मंदिराच्या पुढं एका गल्लीच्या तोंडाशी बायका उभ्या होत्या. त्यातल्या एक म्हाताऱ्या आजी रस्त्यात आल्या. हातात तांब्या. “थांबा,” म्हणाल्या. आम्ही थांबलो. त्यांनी नंदीच्या, म्हणजे आमच्या मित्राच्या, पळायच्या बुटांवर पाणी ओतलं, वाकून हात लावला आणि म्हणाल्या, “गाव सोडल्यापसून नंदी दारात आला नव्हता.” मागून सुनेनं वाटीभर ज्वारी आणली आणि वासुदेवाच्या झोळीत ओतली. वासुदेवानं दान पावल्याचं गाऊन सांगितलं, त्या घराचं नाव घेऊन. मित्राचे मोजे ओले झाले, पुढं पायाला फोड आला, पण त्यानं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मामांनी थांबायला का सांगितलं होतं ते मला तिथं उमगलं. आजींच्या लेखी तो बांबूचा सांगाडा नव्हता. ज्यानं वेष घातला त्यानं त्या नजरेचा मान राखला पाहिजे, घड्याळ चालू असलं तरी.

सेव्हन हिलपाशी जालना रोडला लागलो आणि तांबडं फुटलं. आता दोन्ही बाजूंनी माणसं होती. प्रश्न सुरू झाले. “पोरगं पास होईल का?” “लग्न जमंल का?” “आमच्या नळाला रोज पाणी येईल का?” यावर सगळा चौक हसला. पण सगळ्यात जास्त वेळा, वेगवेगळ्या तोंडांनी आलेला प्रश्न एकच होता. पाऊस पडंल का? जायकवाडी भरंल का? आकाशवाणी चौकात एक गृहस्थ होते, स्वच्छ पांढरे कपडे, टोपी, बहुधा गावाकडून लेकाकडं आलेले. ते हसत नव्हते. हात जोडून म्हणाले, “नंदीबाबा, पुढल्या साली पाऊस हाय का?”

हा प्रश्न मराठवाड्यात कुणी गंमत म्हणून विचारत नाही. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली माणसं आमच्या घराघरात आहेत. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि नंदीच्या आतला माझा मित्र त्या लातूरचा. मी ढोलकं वाजवलं. मान लगेच हलली नाही. मी पुन्हा काडी फिरवली. मग नंदीनं मान डोलवली, एकदा नाही, सावकाश, बराच वेळ. पुढं गेल्यावर मी विचारलं, केबल अडकली होती का? तो म्हणाला, “नाही. हो म्हणायच्या आधी धीर गोळा करायलो होतो.”

मोंढा नाक्याचा उड्डाणपूल हा या रस्त्यावरचा खरा चढ. वर वारा होता, आणि वासुदेवाची टोपी पतंगासारखी ओढ घेत होती. तो एका हातानं टोपी, एका हातानं चिपळ्या सांभाळत चढला. आराधिणीनं “आई राजा उदो उदो” म्हणून साद घातली आणि आमच्याबरोबर चढणाऱ्या अनोळखी माणसांनी, मुलांनी, बुरख्यातल्या दोन मुलींनीसुद्धा, हसत तिला साथ दिली. पुलाच्या उतारावर शाळेतली पोरं उभी होती. ती आमच्याकडं बघून “साबळे! साबळे!” ओरडत होती. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत गेला, बर्मिंगहॅमच्या २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य घेतलं, आणि आता आमच्याकडं कुणीही पळताना दिसलं की पोरं त्याच्याच नावानं हाक मारतात. नंदीला त्या नावानं हाक मारलेली बघून माझा ऊर भरून आला.

क्रांती चौकात वळण होतं. १८५७ च्या उठावातल्या शिपायांना जिथं मृत्युदंड दिला तो काळा चबुतरा इथलाच. गोंधळ्यानं दिवटी खाली घेतली, संबळ थांबवला, हात जोडले, आणि मग शिवाजी महाराजांच्या पुतळ्याकडं बघून सगळ्यांनी घोषणा दिली. तिथून परत.

परतीचा रस्ता कठीण गेला. ऊन चढलं, कोट ओला होऊन जड झाला. पाण्याच्या टेबलावर संत्र्याच्या फोडी नि गुळाची चिक्की मिळाली, ती फार कामाला आली. अमरप्रीतच्या पुढं केबलची गाठ सैल झाली आणि नंदीची मान खालीच राहिली. मित्रानं आतून हात घालून शिंगाच्या मुळाशी धरून मान हलवायला सुरुवात केली. उरलेली सगळी उत्तरं त्यानं हातानं दिली. आम्ही एकाही प्रश्नाला सोडून आलो नाही.

संकुलात शिरलो तेव्हा बरेच लोक पदकं घालून घरी निघाले होते, पण आमचा आवाज ऐकून परत फिरले. १० किलोमीटरच्या ठरलेल्या वेळेत आम्ही आत होतो. पदकं वाटणाऱ्या मुलीनं मित्राला पदक दिलं आणि मग विचारलं, “नंदीला वेगळं देऊ का?” वासुदेवानं आपलं काढून नंदीच्या गळ्यात घातलं.

झोळीत ज्वारी होती, चिल्लर होती, दहा-वीसच्या नोटा होत्या. आम्ही मागितलं नव्हतं, आणि परत करायचं नाही हे ठरलेलं होतं. ते सगळं घेऊन आम्ही मामांकडं गेलो. त्यांनी ज्वारी नंदीपुढं ठेवली, पैसे नातीच्या हातात दिले. मग फोनवर आमचा व्हिडिओ बघितला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. पांढऱ्या कपड्यातल्या त्या गृहस्थांचा प्रश्न आला तिथं त्यांनी पुन्हा मागं घ्यायला सांगितलं.

“इथं चुकलं तुमचं,” ते म्हणाले. “पावसाचं विचारलं की नंदी आदी मान नाई हालवत. आदी एक गोल फिरतो, चारी दिशा बगतो, मंग हालवतो. त्याचा ठोका येगळा असतोय.” त्यांनी माझ्याकडं हात केला. मी गाडीतून ढोलकं आणलं. मामांनी तो ठोका वाजवला, दोनदा आखूड आणि एक लांब, आणि त्यांचा नंदी उठून खरंच सावकाश गोल फिरला. क्रीडाशिक्षक लगेच खाली बसला, नंदीच्या खुरांकडं बघत पावलं मोजायला लागला, आणि सांगाडा घेऊन तेवढ्या जागेत वळायचं तर मागची कामटी किती कापावी लागेल ते जमिनीवर काडीनं आखून मामांना विचारू लागला.